उजवी पाकळी उशिरा पडली

वासू गेल्याची बातमी मला शांतानं दिली. दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, मास्तर उठत नाहीत." ती बेळगावकडची, माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे वासूच्याच, शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायची. मी जाऊन पाहिलं... उठणार नव्हताच. लोक म्हणाले, शांतपणे गेला. असेल. जिवंतपणी मी त्याला कधी शांत बसलेला पाहिला नाही.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला त्याचं आखातात दुकान होतं. तिथला कायदा असा, की परक्यानं दुकान थाटायचं तर परवाना तिथल्या एखाद्या अरबाच्या नावावर, आणि त्याच्याच भरवशावर पासपोर्टवर राहण्याचा शिक्का. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की तो शिक्का रद्द. मग मशीन आपली, गिऱ्हाईक आपलं, पण आत पाऊल टाकता येत नाही. बाबा वारले म्हणून वासू पेडण्याला आला. दिवसकार्य, घराचं छप्पर, जमिनीची भांडणं, यातच मुदत संपत आली.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला देवाला विचारल्याशिवाय निघत नाहीत. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. डावी पडली. पुढच्या सोमवारी पुन्हा डावी. वासू अंगणात येरझाऱ्या घालायचा.

मी म्हटलं, "रे, देवाक तुझ्या शिक्क्याची तारीख खबर आसा?"

"गुरवाक सांगलां गो. तो देवाक सांगतलो."

"आनी देव त्या अरबाक सांगतलो?"

आई चुलीकडून ओरडली, "गप गो! फूल पडल्याबगर माझो पोर खंय जावचो ना."

पोर चाळिशीला आलेला. हसला, पण गेला नाही. उजवी पाकळी पडली तेव्हा मुदत टळून गेली होती. बाजारातून त्यानं फोन लावला. अरब म्हणाला, दुकानात दुसरा शिंपी बसवलाय, आता येऊ नकोस. वासूनं फोन ठेवला आणि तिथूनच पेढे घेऊन देवळात गेला. होकार मिळाला तर पेढे देईन, असं कबूल केलं होतं म्हणे. मी त्याला वेडा म्हटलं. आजही म्हणते.

मग पेडण्याजवळच तुयेला कारखान्याच्या कामगारांचे कपडे शिवू लागला. काम चोख, पण दुकानाला पाटी कधी लावली नाही. जवळच्या चोपड्याला नदीवर तेव्हा पूल नव्हता. दुपारी फेरीबोटीत बसून नदीपलीकडे जायचा, न उतरता त्याच बोटीनं परत. विचारलं तर म्हणायचा, "वारो खावन येतां."

दुकान आता शांता चालवते. वासूनं मशीन दाराकडे तोंड करून मांडली होती, खिडकीच्या उजेडाकडे पाठ. तिथून रस्ता दिसतो, टाका दिसत नाही. मी तिला म्हटलं, "खिडकीकडे फिरव, डोळे जातील." "फिरवते, आक्का," म्हणाली. परवा गेले तर वासूनं मांडली होती तशीच. मग मीच एका बाजूनं धरली... तिनं दुसरी बाजू धरलीच नाही.