सूरच्याच माणसांना सूर दाखवणारी नजला

नजला फर्रानचा आवाज असा खणखणीत, की रथांच्या शर्यतींच्या जुन्या मैदानाच्या एका टोकाला ती बोलायला लागली की दुसऱ्या टोकाची कबुतरं उडत. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सूर शहरात ती सोळा वर्षं प्रवाशांना रोमन अवशेष दाखवत होती. बंदरावरची मंडळी तिला ‘दगडवाली’ म्हणत.

हे वेड तिला बापामुळे लागलं. बाप उत्खननावर मातीची घमेली वाहायचा. नऊ वर्षांची नजला दुपारी त्याच्यासाठी मसूरभाताचा डबा घेऊन जायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत थडग्यांवरची अक्षरं काडीने मातीत गिरवत बसायची. नकाशे काढणाऱ्या म्हाताऱ्या साहेबाने ते पाहिलं आणि हौसेने तिला ग्रीक मुळाक्षरं शिकवली. शाळेत फ्रेंचमध्ये नापास होणारी पोरगी दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांची नावं घडाघडा वाचू लागली. बापाला कोण कौतुक! आई मात्र म्हणायची, “मग नवराही त्यांच्यातलाच बघा आता!”

नवरा मिळाला तो चांगला जिवंत कोळी, अदनान. चार मुलं झाली, मोठी झाली. चाळिशीत एकदा नजला सहज थडग्यांकडे फिरायला गेली, तर बैरूतहून आलेला एक वाटाड्या लोकांना सांगत होता, “हे एका शूर सेनापतीचं थडगं.”

नजलाला राहवेना. “अहो भाऊ, सेनापती कुठला? न्हावी होता तो बिचारा. लिहिलंय की इथे!”

वाटाड्या लाल झाला आणि त्याचे पाहुणे नजलाच्या मागे चालू लागले. पुढच्या वर्षी तिने रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला.

अदनानने मात्र सोळा वर्षांत एकदाही अवशेषांच्या फाटकाच्या आत पाय टाकला नाही. जाळी विणता विणता म्हणायचा, “मासा असेल तर सांग, येतो. दगड काय बघायचे?” नजला हसण्यावारी न्यायची, पण ते तिला आत कुठेतरी टोचायचं. लांब लांबची माणसं तिचं ऐकायला येत होती. घरचाच तेवढा येत नव्हता.

एप्रिलमधल्या एका रविवारी चाळीस पाहुण्यांची बस डोंगरातच बंद पडली. फोन आला तेव्हा बंदरावरच्या बायकांनी चाळीस जणांचं जेवण रांधून ठेवलेलं होतं: करपवलेल्या कांद्याच्या रश्श्यात शिजवलेला भात, वर मासळी.

“आता हे कोण खाणार?” उम्म युसुफने कपाळावर हात मारला. सगळ्या स्वयंपाकाची मुखत्यारी तिच्याकडे होती.

“तुम्हीच,” नजला म्हणाली. “सगळं बंदर जेवेल. पण आधी माझ्याबरोबर फिरायचं. फिरणार नाही त्याला शीतही मिळणार नाही.”

“अगं, जन्म इथे गेला आमचा!” म्हातारा अबू सलीम ओरडला.

“कधी आत गेला होतात?”

“गेलो होतो की. बकरी शोधायला.”

भाताचा वास सुटला होता, त्यामुळे वाद फार चालला नाही. वरात निघाली. अदनान सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून. मोठ्या कमानीखाली उम्म युसुफने दगडावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि नाक मुरडलं. रथांच्या मैदानात पोचल्यावर अबू सलीमच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. “उम्म युसुफ, त्या खांबापर्यंत पळतेस?”

“तुला हरवायला पळावं कशाला लागतंय? चालतेच!”

आणि खरंच, ती झपाझप चालत पुढे गेली. अबू सलीम वीस पावलं धावला आणि धापा टाकत खाली बसला. पडक्या पायऱ्यांवरून बंदर ओरडत होतं, शिट्ट्या मारत होतं. नजलाला वाटलं, या मैदानाने इतका खरा आरडाओरडा कित्येक शतकांत ऐकला नसेल.

मग ती सगळ्यांना थडग्यांच्या रस्त्याने घेऊन गेली आणि एका साध्या, कोपरा फुटलेल्या दगडी शवपेटीपाशी थांबली.

“हा कोण? राजा?” मागून अदनानने विचारलं.

“कोळी,” नजला म्हणाली. “समुद्रातून शंख काढायचा. त्यांचा जांभळा रंग व्हायचा, राजे नेसायचे तो.”

अदनान पुढे आला. “लिहिलंय तसं?”

“हे नाव. हा धंदा. आणि ही ओळ, पेटी त्याने स्वतःसाठी आणि बायकोसाठी करवून घेतली म्हणून.”

अदनानने खाली वाकून त्या अक्षरांवरून हात फिरवला. जाळ्याच्या दोऱ्यांनी कापलेली त्याची बोटं खाचांमध्ये नीट बसत होती. “दगडाची पेटी केली म्हणजे पठ्ठ्याला मासळी बरी लागत असणार,” तो म्हणाला. मग हळूच, “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू आलास कुठे?”

“पुढचं दाखव,” तो एवढंच म्हणाला.

जेवायला तीन वाजले. भात गार झाला म्हणून उम्म युसुफ सगळ्यांवर करवादत होती आणि तरी वाढत होती. त्या दिवसापासून दर रविवारी अदनान नजलाच्या पाहुण्यांच्या मागे मागे हिंडतो. कोळ्याच्या पेटीपाशी आलं की तिला बोलूच देत नाही. धड इंग्रजी येत नाही, फ्रेंच त्याहून नाही; हातवारे करून शंख कसे काढायचे ते दाखवतो, अगदी नाक दाबून बुडीसुद्धा मारतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. नजला बाजूला सावलीत उभी राहून पाणी पिते आणि घशाला तेवढाच आराम देते.