कॉम्प्युटरमधला आवाज

विहारामागच्या वस्तीत हरिदासचा आवाज ओळखत नाही असं कुणी नव्हतं. दवाखान्यातली वॉर्डबॉयची ड्युटी संपवून आला की संध्याकाळी विहारात वंदना तोच सांगायचा. जयंतीला भीमगीत म्हणायला उभा राहिला की शेवटच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं. तंबाखू मात्र सुटली नाही. निवृत्तीनंतर घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी मुलानं, दिपकनं, मोबाईलवर बापाची गाणी भरून घेतली. हरिदासची बायको नागूबाई म्हणाली, "नुसती गाणी नगं. मला हाक मारत्यात, ती बी घे की."

मग हरिदास लाजत म्हणाला, "नागू, कुटं हायस गं?"

दिपकनं ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं. पुढं तो मोबाईल गर्दीत चोरीला गेला.

ऑपरेशननंतर हरिदासच्या गळ्याला भोक राहिलं, बोलणं गेलं. दुपारी भांडी आवरून नागूबाई कॉम्प्युटरसमोर बसायची आणि ती हाक पुन्हा पुन्हा ऐकायची. हरिदासला ते सोसायचं नाही. मी हितं जिवंत बसलोय आणि ही त्या पेटीकडं बघून हसतीय, असं मनात यायचं. तो उठून दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायचा. पण ती घरात नसली, की तोही दार लोटून आपलंच गाणं लावायचा.

कॉम्प्युटर लई रखडायला लागला, तेव्हा दिपकनं त्यात नको त्या फायली साफ करणारं सॉफ्टवेअर टाकलं. "बाबा, लाल खूण आली की हे हिरवं बटण दाबा. दुसरं काय करू नका."

नागूबाई वळसंगला बहिणीकडं गेली होती तेव्हाची गोष्ट. गाणं मधेच अडकलं आणि लाल खूण आली. हरिदासनं हिरवं बटण दाबलं. पट्टी भरत गेली. कॉम्प्युटर खरंच हलका झाला. तो गाणं परत लावायला गेला, तर फोल्डर रिकामा होता.

संध्याकाळी दिपकनं सगळं धुंडाळलं. गाणी डाउनलोडच्या फोल्डरमध्येच राहिली होती आणि सॉफ्टवेअरच्या साफ करायच्या यादीत त्या फोल्डरवरही टिक होती. "मीच न वाचता सगळीकडं टिक केली, बाबा," तो म्हणाला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क तपासून परत दिली. "ह्या डिस्कमधून पुसलेलं सहसा परत येत नाही. बघितलं सगळं. काही नाही त्यात."

नागूबाई परतल्यावर दिपक म्हणाला, "आई, माझ्याकडनं…" हरिदासनं त्याचा दंड धरला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हाक बी गेली?" तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.   दुपारी ती आता भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

जयंतीच्या सुमारास एकदा भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तुमी 'नागू' म्हणताना आवाज वर न्यायचा का खाली?" तिनं विचारलं. "मला नीट आठवंना झालंय."

हरिदासनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली. नागूबाई क्षणभर त्याच्या ओठांकडं बघत राहिली. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली.