करंगळीचं माप

ड्रॉवरमध्ये वेल्डिंग टॉर्चच्या तोंडाला लावायचा गुलाबी सिरॅमिक कप सापडला आणि साकीनाक्याचं वर्कशॉप आठवलं. जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस उडू नये म्हणून पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा, आणि मला काम शिकवणारे मिस्त्री कपावरचा नंबर वाचायचं सोडून प्रत्येक कपात करंगळी घालून माप घेत होते. गॅस एकसारखा सोडणारी जाळीवाली गॅस लेन्स त्यांनी बरोबर लावली, पण तिच्यावर कप लहान बसला आणि स्टीलचा जोड चांदीसारखा चमकायचा सोडून काळा पडला. "रंग कसा आलाय रे?" असं त्यांनी पूर्वी कधीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चांदीसारखा." ते म्हणाले, "काळा पडलाय, आवाजावरून कळलं मला. उद्यापासून टॉर्च तूच धर." त्या दिवसानंतर ते वर्कशॉपात परत आले नाहीत. आज हा कप मी खिडकीपाशी नेऊन नंबर शोधला, तो नीट दिसेना, मग करंगळी आत घातली.