मामांची जर्मन, गॅरीची अमेरिकन

आमच्या हिच्या मामांइतका शिकारी रायफलींचा जाणकार अख्ख्या मिशिगनमध्ये नसेल, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी शिकारीही. हृदयाचे डॉक्टर म्हणून ॲन आर्बरला निवृत्त झालेले मामा पक्के शाकाहारी. तरी त्यांच्याकडे एक जुनी जर्मन बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने दांडी सरकवून भरायची, रायफल होती, आणि शेजारच्या गॅरीकडे तशीच जुनी अमेरिकन. सरस कुठली, हा वाद दोघांनी इतकी वर्षं जोपासला की त्यात दोघांचेही केस गेले. मामांचं म्हणणं, "बोल्ट सरकवला की जर्मन रायफल काडतुसाला हाताला धरून नळीत नेते. गॅरीची नुसती मागून ढकलते." त्यावर गॅरीचं उत्तर ठरलेलं, ढकलल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. बोल्टची ही दांडी कशी चालते, ते मामा कुणालाही, कुठेही दाखवत. एकदा आमच्याकडे पुऱ्या चालल्या असताना त्यांनी मामींच्या हातातलं लाटणंच काढून घेतलं. "दांडी वर, मागे, पुढे, खाली. स्मूथनेस बघ." मामी शांतपणे म्हणाल्या, "आता अमेरिकनही दाखवा, तोवर मी बाटलीने लाटते." मामांनी दाखवलं.

दर नोव्हेंबरला दोघं हरणाच्या शिकारीला जात. एका वर्षी मलाही नेलं. कडाक्याच्या थंडीत आम्ही मचाणावर अवघडून बसलो होतो. शेवटी एक हरीण आलं. गॅरीने श्वास रोखून बोल्ट सरकवला, आणि मामा त्याच्या कानाशी, पण भाषणाच्या आवाजात म्हणाले, "खडखड ऐकलीस? जर्मन असती तर पत्ता लागला नसता." हरीण पसार झालं. "ऐकली," गॅरी म्हणाला, "हरणानेही ऐकली." मामांनी खूश होऊन चहाचा थर्मास उघडला.

गेल्या वर्षी मामा-मामी लेकीकडे प्लेनोला राहायला गेले. तिच्या घरात बंदूक चालणार नव्हती, म्हणून मामांनी आपली रायफल गॅरीलाच देऊन टाकली. त्यांना एअरपोर्टला सोडायला मीच गेलो. गाडीत ते म्हणाले, "नोव्हेंबरात त्याच्याबरोबर जा. एकटा बसेल तिथे."

मी गेलो. गॅरीने या वेळी मामांची रायफल आणली होती. ती मांडीवर आडवी ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मला रायफलींतलं काहीच कळत नाही.

"छान आहे," मी म्हणालो.

"तशी बरी आहे," तो म्हणाला, आणि मी वाद घालीन म्हणून बराच वेळ वाट बघत राहिला.