मोठ्या माणसांचा वर्ग

दर रविवारी मी लेकीला भेटायला सुप्याहून पुण्याच्या एसटीत बसतो. त्याच गाडीत साठीच्या एक बाई असतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मांडीवर पुस्तक उघडून त्या उजवीकडून डावीकडे बोट फिरवत पुटपुटायच्या.

एकदा न राहवून मी विचारलं, "उलटं वाचताय का?"

"उलटं न्हाई, हिब्रू हाय हे," त्या हसल्या. "आमी बेने इस्रायल, म्हंजे ज्यू. पुण्याला सिनेगॉगमधे, म्हंजे आमच्या प्रार्थनाघरात, मोठ्या माणसांचा वर्ग भरतो, तिथं शिकते."

त्यांच्या लहानपणी वडिलांनी हिब्रू फक्त भावाला शिकवलं होतं. बाईंना ऐकून ऐकून प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण अक्षर एकही ओळखता येत नव्हतं. आता येत्या सणाला सगळ्यांसमोर एक स्तोत्र वाचायचं होतं.

"भीती नाही वाटत?"

"जन्मभर लोकांना सुया टोचल्या. मला कशाची भीती?"

सणानंतरच्या रविवारी मी कसं झालं ते विचारलं.

"मधेच अडकले. समोर भाऊ बसलावता, तो हळूच शब्द सांगाया लागला. हातानंच गप केलं त्याला. एकेक अक्षर जुळवलं आन् गेले पुढं."

"आणि लोक?"

"थांबले की! शिकणाऱ्यासाठी थांबायलाच पायजे लोकांनी."

या वयात अडखळणं लपवायचं असतं, असं मला वाटत आलं होतं. बाईंनी नवा धडा उघडला आणि भरल्या गाडीत, अडखळत, पण मोठ्यानं वाचायला लागल्या.