पांढरीतल्या तीन चुली

इंदिराबाईंच्या घरातल्या बायका मरीआईच्या भंडाऱ्यात बट्ट्या वळत, वांगी चिरत, खरकटी काढत. पण भंडाऱ्याची चूल पेटवायला त्यांच्या हाती कुणी काडी देत नसे.

गाव पूर्वी तापीकाठच्या टेकाडावर, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या पांढरीवर होतं म्हणतात. इंदिराबाईंच्या सासरच्या कुठल्याशा सुनेनं नवऱ्यावरच्या रागानं पेटत्या चुलीवर घागर ओतली. देवीचा निवद कच्चा राहिला, देवी कोपली आणि तापीनं गाव गिळलं. इंदिराबाईंनी हे जन्मभर मुकाट ऐकलं. यंदा नवी सून मयुरी विचारून बसली, "आई, हे खरं आहे का हो?" तेव्हापासून नदीवर जाताना त्यांची नजर पांढरीकडं वळू लागली.

त्याच उन्हाळ्यात पांढरी तपासायला मोहिनी मॅडम आल्या. शिक्षण दगडमातीचं, शोध मात्र जुन्या माणसांचा. पांढरीची नदीकडची कड खरवडून त्यांनी भिंतीसारखी साफ केली. इंदिराबाई रोज देवीला हात जोडून तिथं जाऊन बसू लागल्या. आपण देवीचीच परीक्षा घेतोय की काय, अशी धाकधूक होती. पण पाय घरात ठरत नव्हते.

एक दिवस तळाशी तांबडी, भाजलेली माती आणि राख दिसली.

"ही चूल," मॅडम म्हणाल्या. "तिच्यावरचा हा पिवळसर मऊ थर पुराचा गाळ."

इंदिराबाई पुढं वाकल्या. "म्हणजे आमच्याच बाईची!"

"थांबा अक्का, वर बघा."

गाळावर पुन्हा चूल, तिच्यावर गाळ. त्यावर आणखी एक चूल, आणि तिच्यावरही गाळच.

"मग यातली आमची कोणती?"

मॅडम हसल्या. "ते माती नाही सांगत. पूर येत राहिला, माणसं परतत राहिली, एवढंच ती सांगते. मध्ये किती काळ गेला, ते कोळसा तपासल्यावर कळेल."

भंडाऱ्याच्या सकाळी देवळाचे कारभारी पितांबर नाना काडेपेटी घेऊन उभे होते. इंदिराबाई पुढं झाल्या.

"नाना, पूर तीनदा उना म्हने. तीन्ही येळा आमनीच बाईनी चूल इझाडी का?"

"माले काय पुसस? तापीले पूस!"

बायका फिदीफिदी हसल्या. नानांनी देवळाकडं पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि काडेपेटी पुढं केली. "धर माय, पेटाड."

काटक्या धडधडल्या. इंदिराबाईंनी हात जोडले, पण मन पांढरीवरच होतं. शेजारी मयुरी बसली होती, तिला त्या हळूच म्हणाल्या, "सगळं गाव गाळात गेलेलं. मग परत आलेल्या पहिल्या बाईनं विस्तव आणला कुठून असेल गं?"