तिसरी काच

ज्यांचं नावही मी विचारलं नाही, त्यांच्यावर लिहायला बसलो आहे. चुकलं तर माफ करा.

बाबांचा खोकला महिनाभर थांबेना, म्हणून मी तिगावहून त्यांच्या थुंकीची डबी घेऊन पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेलो. तिथं थुंकी तपासणाऱ्या गृहस्थांनी ती उजेडात धरली.

"हा तर थुका आणला तुनं, बापा! सकाळचा बेडका पायजे, छातीतला."

दुसऱ्या दिवशी तो नेला. त्यांनी काचेवर पसरून त्यावर लाल रंग ओतला आणि खालून स्पिरिटचा दिवा फिरवला. वाफ निघाली की दिवा बाजूला. उकळी कधीच येऊ दिली नाही. मग ॲसिडनं धुऊन निळा रंग दिला.

त्या दिवशीच्या आणि पुढच्या दिवशीच्या, दोन्ही काचांत काही निघालं नाही. "बाबा म्हणतात, बिडीचाच खोकला आहे," मी चाचरत सांगितलं.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ते म्हणाले, "टीबीचा जंतू ॲसिडनंबी लाल रंग सोडत नाही. मंग आपण काहून सोडाचं? उद्या तिसरा आण."

तिसरा देऊन मी परीक्षेसाठी छिंदवाड्याला गेलो. आठवड्यानं बहिणीचं कार्ड आलं. रिपोर्ट न्यायला कुणी आलं नाही, म्हणून दवाखान्यातले ते गृहस्थ पॅसेंजरनं स्वतः घरी आले होते. तिसऱ्या काचेत जंतू सापडले. बाबांचं औषध सुरू झालं आहे.